सरळ रस्त्यातली खोट

गावाचं नाव सांगत नाही. मंचर सोडलं की नारायणगावच्या आधी, पुणे-नाशिक रस्त्याला खेटून बसलेलं एक गाव, एवढ्यावर भागवा. नाव सांगितलं तर तिथला एक गाडामालक माझा पत्ता काढून येईल आणि आपल्या बैलांचे सेकंद माझ्याकडून लिहून मागेल. तो किस्सा पुढे येईलच. आधी उस्ताद.

उस्ताद म्हणजे माझे घरमालक. साठी ओलांडलेले, बुटके, रुंद, आणि तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेले. ट्रक विकून बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या हातापायांपर्यंत पोचली नव्हती. गल्लीतून चालताना उजवीकडे वळायचं असलं की ते उजवा हात लांब बाहेर काढायचे. डावीकडे वळायचं असलं की तोच हात हवेत गोल फिरवायचे. मागे माणूस असो नसो. मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना तर सगळी वळणं उजवीकडचीच, त्यामुळे हात आत घ्यायची सोयच नसायची. घरातून निघताना चौकटीवर तळहाताने दोनदा थाप मारायची आणि मगच पाऊल टाकायचं. मागे मोकळं आहे, जाऊ द्या, हे सांगायला क्लीनर ट्रकच्या पत्र्यावर मारतो ना, तशी थाप. पहिल्या आठवड्यात मी रोज आतून "या, या" म्हणत उठायचो आणि दारात कोणीही नसायचं.

मी तेव्हा नुकताच डिप्लोमा झालेला, सांगलीकडचा, पहिल्याच नोकरीवर आलेला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुणे आणि नाशिक या दोन शहरांमधला माल वेगाने जावा म्हणून हा रस्ता रुंद आणि सरळ करायचं घाटत होतं, आणि आमच्या टापूची पाहणी आमच्या कंपनीकडे होती. कंपनी म्हणजे आठवड्यातून एकदा पुण्याहून येणारे एक मोठे साहेब, एक जीप, तिपाईवरची एक दुर्बीण आणि उरलेला सगळा मी.

उस्तादांच्या बायकोला सगळा रस्ता मावशी म्हणायचा. त्यांचं माहेर घाटघर. नाणेघाटाच्या वाऱ्यात वाढलेल्या बाईला हळू बोलणं कसं जमणार? त्या ओट्यावर चहाचं दुकान चालवायच्या आणि स्टोव्हपाशी बसल्या बसल्या रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याशी गप्पा मारायच्या. त्या तापल्या की उस्ताद डोळ्यांवर हात धरायचे.

"अगं, डिपर दे, डिपर. लाईट डोळ्यावर येतीय."

"लाईट न्हाई, त्वांड हाय माझं. अन् ते आसंच ऱ्हानार."

मग उस्ताद हात गोल फिरवून डावीकडे वळायचे आणि परसात जाऊन बसायचे.

घराला लागूनच रस्त्याचं वळण होतं. वळण कसलं, विळाच तो. पुण्याहून सरळ येणारा रस्ता अचानक गावात घुसायचा, उस्तादांच्या ओट्याला वळसा घालायचा आणि पुन्हा नाशिककडे तोंड करायचा. प्रत्येक ट्रकला तिथे गिअर पाडावा लागे, हॉर्न द्यावा लागे. उस्तादांची खाट ओट्याच्या टोकाला, वळणाच्या अगदी पोटात. तिच्यावर डोळे मिटून पडायचं आणि रस्ता ऐकायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग.

"कांदा. ओतूरचा. मागला डावा पाटा मोडलाय."

एकदा मी मुद्दाम पळत जाऊन तो ट्रक थांबवला. कांदाच होता. ओतूरचाच होता. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं विचारल्यावर ड्रायव्हरचा चेहरा पडला. "कुनी सांगितलं तुमाला? मालकाला बोलू नका राव." मी परत येऊन खाटेशी उभा राहिलो.

"हे कसं काय ओळखता?"

"त्यात काय हाय, इंजिनेर? ओतूरचा हमाल गोनी दाबून बशिवतो. लोणीकडचा सैल रचतो. सैल गोनी वळणाला कुसकुसती. ही गप व्हती."

"आणि पाटा?"

"पाटा तर आंधळ्यालाबी आयकू येतोय की. तुमी शाळंत काय शिकला?"

उस्तादांना ओळखणारे ड्रायव्हर, म्हणजे पुणे ते नाशिकमधले झाडून सगळे, वळणावर आले की दोनदा हॉर्न द्यायचे. उस्ताद डोळे न उघडता उजवा हात वर करायचे. जेवतानाही करायचे. एकदा आमटीचा भुरका मारताना हात वर गेला आणि वाटी माझ्या सर्व्हेच्या कागदांवर आली. त्या नकाशात अजून एका ओढ्याच्या जागी आमटी आहे.

इतकं असून हॉर्न हा प्रकार त्यांना मनापासून नापसंत. "हॉर्न वाजला की समजायचं, रस्त्यात खोट हाय," ते सांगायचे. "म्होरं दिसत न्हाई, न्हाईतर जागा न्हाई, न्हाईतर कुनीतरी आडवं बसलंय. रस्ता नीट आसंल तर हॉर्नला गंज चढला पायजे."

"मग हे तुम्हाला दोनदा वाजवून जातात ते?"

"मला कुटं? वळणाला वाजिवत्यात. मी मधी झोपलोय म्हनून मला आयकू येतं."

यावर मावशी स्टोव्हला पंप मारता मारता इतक्या मोठ्याने हसल्या की पंक्चरवाल्याने पलीकडून विचारलं, काय झालं.

आमच्याकडे रस्ता मोजायचं एक यंत्र होतं. जीपमागे ओढायचं एक चाक आणि त्याला जोडलेला डबा. रस्त्याचे धक्के मोजून तो आकडे छापायचा. मोठ्या साहेबांचा त्या डब्यावर फार जीव. त्याला उन्हात ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. उस्तादांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली (हात बाहेर काढून) आणि मला विचारलं, "ह्यो टोमॅटो नेतो का?"

"नाही."

"मंग ह्याला रस्ता काय कळनार?"

उस्तादांची स्वतःची पद्धत होती. नारायणगावात टोमॅटोची प्लास्टिकची खोकी भरतात, त्याला तिकडे कॅरेट म्हणतात. ट्रकच्या मागल्या चाकावरचं, सगळ्यात तळाचं कॅरेट घ्यायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यातले फुटलेले टोमॅटो मोजायचे. तीस वर्षांचे फुटलेले टोमॅटो त्यांच्या डोक्यात तारीखवार होते. कोणत्या साली कोणत्या पुलापाशी सात फुटले आणि कोणत्या पावसाळ्यानंतर नुसता रस उतरवून घ्यावा लागला, हे ते डोळे मिटून सांगायचे. मला त्यांनी एका ओळखीच्या ट्रकच्या मागे चढवलं, तळाचं कॅरेट उघडून माझ्या दोन गुडघ्यांमध्ये दिलं आणि बजावलं, कुठं किती फुटलं ते लिहीत जा. मी लिहीत गेलो. शर्ट पुन्हा घालण्यासारखा राहिला नाही, पण संध्याकाळी यंत्राचे आकडे आणि टोमॅटोचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर मी थक्क झालो. जिथे यंत्र ओरडलं होतं तिथेच टोमॅटो फुटले होते. फरक फक्त एका जागी. यंत्राच्या मते तो तुकडा एकदम उत्तम, आणि माझ्या कॅरेटात तिथे नऊ फुटलेले.

ती जागा म्हणजे उस्तादांच्या घरासमोरचं वळण.

"बरुबर हाय," उस्ताद म्हणाले. "डांबर गुळगुळीत हाय, त्यामुळं डब्याला धक्का न्हाई. पर माल कलतो की. तुमच्या डब्याला कलल्यालं कुटं कळतंय?"

ही गोष्ट आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती असं नाही. होती. पण मी ती ट्रकमध्ये मागे बसून, अंगावर टोमॅटो घेऊन शिकलो.

वळणाचं काय करायचं यावरच सगळं अडलं होतं. एक तर तेच वळण गावातून आणखी रुंद करायचं. नाहीतर गावामागच्या माळावरून चढ चढवत रस्ता सरळ न्यायचा आणि वळणाला कायमची सुट्टी द्यायची. मोठे साहेब वळणाच्या बाजूचे. त्यांना माळाचा चढ खुपत होता. "भरलेला ट्रक दमेल तिथे," ते म्हणायचे, आणि त्यांच्या डब्याने वळणाला उत्तम म्हटलेलंच होतं. गावही वळणाच्या बाजूचं. गाडी हळू होते म्हणून थांबते, थांबते म्हणून चहा पिते, हे तिथलं प्रत्येक पोर जाणून होतं. एकटे उस्ताद माळाच्या बाजूचे होते.

मला हे कोडंच होतं. रस्ता माळावर गेला तर सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच. ओट्यासमोरून चिटपाखरू जाणार नव्हतं. ज्या माणसाचा दिवस गाड्या ऐकण्यात जातो, तो गाड्याच दुसरीकडे धाडायला निघाला होता. मी तसं विचारलंही. त्यांनी हात गोल फिरवला आणि परसात गेले.

आता ते बैल.

जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला बैलगाड्याच्या शर्यतीचं काय वेड आहे, हे मला सांगलीकडच्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडेही शर्यती होतात. पण इथली तऱ्हा निराळी. इथे शर्यत होते ती चढावर. त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. खालून गाडे सुटतात, वर निशाण असतं, आणि जो कमी सेकंदात वर येईल तो जिंकला. त्या वर्षी पाटाच्या नव्या चारीने गावचा घाट मधोमध कापला गेला होता. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि गाव घाटासाठी हळहळत होतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

अशा वेळी मी काय केलं? माळाच्या पायथ्याला दोन लाल-पांढरे बांबू रोवले, त्यांना झेंड्या लावल्या. वर दोन बांबू, त्यांनाही झेंड्या. मधून चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ ओढली. आणि रोज सकाळी वर तिपाईवर दुर्बीण लावून खाली बघत उभा राहू लागलो.

दुसऱ्या दिवशी माळावरचे दगड कमी वाटले. तिसऱ्या दिवशी दगडच नव्हते. चौथ्या दिवशी पाणी मारून रूळ फिरवलेला होता. मी साहेबांना कळवलं की ग्रामस्थांचं सहकार्य उत्तम आहे.

पाचव्या दिवशी सकाळी दुर्बिणीला डोळा लावला तर खालच्या झेंड्यांपाशी नऊ गाडे जुंपलेले. माळाच्या दोन्ही बाजूंना टोप्यांची रांग. पहिल्या गाड्याचे बैल फुरफुरत होते. ते थेट माझ्या तिपाईच्या रेषेत होते. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबा!" आणि ऐकू जाईना म्हणून दोन्ही हात वर केले.

घाटावर वरच्या माणसाने हात वर केले की त्याचा अर्थ होतो, सोडा.

त्यांनी सोडले. पुढचे काही क्षण मी आणि दुर्बीण कसे बाजूला झालो ते मला नीट आठवत नाही. तिपाई माझ्या खांद्यावर होती आणि एक चप्पल माळावर. धुरळा खाली बसतो न बसतो तोच गाडामालक धावत माझ्यापाशी आला.

"किती?"

"काय किती?"

"शेकंद, सायेब! दुर्बिनीत किती आलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रस्ता वळणावरूनच जाणार हे गावाने धरून टाकलं होतं, त्यामुळे माळावरचा मी म्हणजे सरकारने धाडलेला घाट बांधणारा इंजिनेर होतो आणि तिपाईवरची दुर्बीण हे सेकंद मोजायचं नवं यंत्र होतं. भोवती शंभर माणसं जमली होती आणि गाडामालकाचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. खरं सांगायची ती वेळ नव्हती. "अकरा," मी म्हणालो. आदल्या दिवशी चहाच्या दुकानात कोणाच्या तरी तोंडी हा आकडा ऐकला होता. एकच कल्ला झाला. मला खांद्यावर घेतलं. गुलाल कुठून आला देव जाणे. तेव्हापासून तो गाडामालक प्रत्येक जत्रेत सांगत फिरतो की आपले बैल सरकारी दुर्बिणीने मोजलेले आहेत.

लाल तोंडाने मी उस्तादांसमोर उभा राहिलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं की."

"मग गावाला सांगितलं का नाही? मला का नाही सांगितलं?"

"कुनी इचारलंच न्हाई. अन् धोंडं फुकटात गेलं का न्हाई?" मग एकदम उठून बसले. "ते ऱ्हाऊ द्या. बैल वर कसं आलं? मधी थांबलं? गुडघा टेकला?"

"कुठे टेकतायत! मला मारायला निघाले होते."

"येका दमात आलं?"

"एका दमात."

"मंग भरला ट्रक थर्डवर जातोय," उस्ताद म्हणाले आणि खाटेवर दोनदा थाप मारली.

पुढच्या आठवड्यात मोठे साहेब आले तेव्हा ओट्यासमोर टोमॅटोने भरलेला एक सहाचाकी ट्रक उभा होता. उस्तादांनी जुन्या ओळखीवर तासाभरासाठी मागून घेतला होता. ड्रायव्हरशेजारची सीट मोडकी होती म्हणून तिथे एक भरलेलं कॅरेट फळीने झाकून ठेवलं होतं. साहेबांना त्यावर बसवलं. मी मागे, तळाच्या कॅरेटापाशी. ती जागा आता माझीच झाली होती. उस्तादांनी दाराला बाहेरून दोनदा थाप मारली, आत बसले आणि उजवा हात बाहेर काढला. या वेळी त्या हाताला खरंच काही अर्थ होता. त्यांना ट्रक चालवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. गल्लीत हास्यास्पद वाटणारा तो माणूस चाकामागे इतका शोभत होता, की इतके दिवस त्यांच्या पाठीमागे हसलो याची मला लाज वाटली.

आधी वळण. मग मागे फिरून माळ. वळणावर माझ्या कॅरेटात आठ फुटले. मग ट्रक माळाच्या पायथ्याला लागला आणि झेंड्यांमधून वर निघाला. थर्ड गिअर एकदाही बदलला नाही. केबिनमधून साहेबांचा "अहो, अहो, हळू" असा आवाज येत होता तेवढाच काय तो हॉर्न. वर गेल्यावर उस्तादांनी माझं कॅरेट तपासलं. नवीन एकही फुटलेला नव्हता. मग साहेबांना उठवून त्यांच्या खालचं कॅरेट बघितलं. फळी सरकली होती आणि सहा टोमॅटोंचा चेंदा झाला होता. साहेबांनी त्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय मग?

"ते तुमचं हाय, सायेब," उस्ताद शांतपणे म्हणाले. "रस्त्याचं न्हाई."

साहेब मागून ओले झाले होते, पण माणूस सरळ होता. त्यांनी चढ स्वतः पुन्हा मोजला आणि माळाच्या बाजूने झाले.

गाव मात्र ऐकेना. मारुतीच्या देवळात बैठक भरली. घाटाचा प्रश्न लगेच मिटला. यंदाची जत्रा याच माळावर आणि नंतर आमच्या यंत्रांनी पलीकडे नवा घाट करून द्यायचा, असं ठरलं. दुकानांचं मिटेना. पंक्चरवाला उभा राहिला. "उस्ताद, सरळ रस्त्यावर पंक्चर कुनाची व्हनार?"

"कुनाचीच झाली न्हाई पायजे."

लोक हसले. मग मागून मावशींचा आवाज आला आणि हसणं थांबलं.

"दुकानाचं माझं मी बघीन. तुमचं काय? समद्या गाड्या माळावरनं गेल्या तर तुमी दिसभर आयकनार काय?"

हाच प्रश्न मी विचारला होता. इथे परस नव्हतं आणि हात गोल फिरवायला जागा नव्हती. उस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझा जोडीदार त्या वळणाला कलांडला," ते म्हणाले. "तुमाला ठावं हाय. पैली गाडी आमी दोघांनी मिळून घेतल्याली. त्या दिशी त्यो मागल्या गाडीत, मी म्होरल्या. त्यानं हॉर्न दिला. मला वाटलं राम राम घालतोय. म्या हात वर केला अन् गेलो म्होरं." मग टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "रस्ता माळावरनं जाऊ द्या. मी काय आयकतो त्याचं मी बघीन."

 पंक्चरवाल्याने नुसती मान हलवली आणि तो मंजुरीच्या कागदावर पहिली सही करायला पुढे आला.

त्या दिवशी घरी परतताना मावशी म्हणाल्या, नव्या रस्त्याला फाट्यावर दुकान टाकू, तुमची खाटही तिकडेच नेऊ. उस्ताद म्हणाले, "सरळ रस्त्याच्या कडंला मानूस दिसला की गाडी हळू व्हती. गाडी हळू झाली की ड्रायव्हर हॉर्न देतो. हॉर्न वाजला की..."

"खोट," मावशींनी पुरं केलं. "ठावं हाय मला. बसा मंग येकटं."

रस्ता पुरा व्हायच्या आधी माझी बदली झाली. निघताना उस्तादांनी माझ्या बॅगेवर दोनदा थाप मारली.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला नाशिकला निघालो होतो. स्वतःची जुनी घेतलेली गाडी, शेजारी बायको. माळ आला आणि ऊर भरून आला, खोटं का बोलू. रुंद, काळाभोर, सरळ चढ. थर्ड गिअरसुद्धा पाडावा लागला नाही. आमच्या पुढे कांद्याचा ट्रक होता. माळाच्या माथ्यावर जाऊन त्याने दोनदा हॉर्न दिला. पुढे कोणी नव्हतं. बाजूला कोणी नव्हतं. नुसता ऊस. समोरून एक ट्रक आला, त्यानेही त्याच जागी दोनदा.

"इथे देऊळ आहे का?" बायकोने विचारलं.

माळ संपल्यावर जुन्या रस्त्याचा फाटा लागतो. तिथे मावशींचं दुकान होतं, मोठं झालं होतं, बाकडी वाढली होती. केस पांढरे, आवाज तोच. मला ओळखलं, चहा पुढे केला, आणि मी हॉर्नचं विचारल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या.

"रस्ता चालू झाला त्या दिशी म्हातारं सकाळच्यानं खाटंवर बसल्यालं. समोरनं येक सायकल गेली. दुपारी येक म्हस. संध्याकाळी भाकर वाढली ती तशीच ऱ्हायली. दुसऱ्या दिशी तेच. तिसऱ्या दिशी हितं जो पैला ड्रायव्हर च्याला आला त्याला म्हनलं, माथ्यावं गेलास की दोनदा दाब, वारा घराकडं नेतो आवाज. न्हाई दाबलास तर उद्या च्या मागू नगंस." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसल्या. "आता म्या न सांगितल्यालं बी दाबत्यात. त्यांना वाटतंय तितं कायतरी देवाचं हाय. तुमी ह्यातलं आमच्या म्हाताऱ्याला बोलू नका हां."

जुन्या रस्त्याने आत गेलो. वळणावरच्या डांबरावर मिरच्या वाळत होत्या आणि त्यांच्या कडेने एक कोंबडी फिरत होती. खाट तिथेच होती, फक्त तिचं तोंड आता माळाकडे होतं. उस्ताद वाळले होते. डोळे मिटलेलेच.

"पेट्रोलची हाय. सायलेन्सर फुटलाय," ते म्हणाले. "कोन पावणं?"

"इंजिनेर."

ते धडपडत उठून बसले. माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. मग लांब माळावरून, वाऱ्याबरोबर, दोन बारीक हॉर्न आले. माझा हात सोडून त्यांचा उजवा हात वर गेला.

"लई वंगाळ झालं, इंजिनेर," ते म्हणाले. "तुमच्या रस्त्यात खोट ऱ्हायली."

"कसली?"

"आयकलं न्हाई? मोकळा माळ, म्होरं दोन मैल दिसतंय, अन् दिसभर हॉर्न. कायतरी चुकलंय तितं. तुमी खात्याला अर्ज ल्ह्या. मी सही करतो."

मी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे अर्ज लिहून घेतला. महोदय, माळावरील नवीन रस्त्यात दोष असून सर्व वाहनांस तेथे विनाकारण हॉर्न वाजवावा लागतो, तरी त्वरित दुरुस्ती व्हावी. सांगता सांगता ते तीनदा थांबले, आणि तीनदा हात वर गेला. शेवटी पेन घट्ट धरून, एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली. मी पाकीट खिशात घातलं आणि उठलो.

"इंजिनेर, अर्ज दिल्यावर किती दिसांत बंद हुतंय ते?"

"सांगता येत नाही. होईल लवकर."

उस्तादांनी माळाकडे कान लावला. वर काहीतरी जड चढत होतं, कदाचित टोमॅटो.

"त्वरित ल्हिवलंय का त्यात?"

"हो."

"ते खोडा," ते म्हणाले. "सरकारी काम हाय. सावकाश झालं तरी चालंल."

मी खोडलं. निघताना गाडी नाशिककडे न वळवता जुन्या रस्त्याने पुण्याच्या बाजूला काढली, म्हणजे माळ पुन्हा चढावा लागेल. बायको म्हणाली, नाशिक तिकडे आहे.  माथ्यावर पोचलो. पुढे दोन मैल रस्ता लख्ख दिसत होता, एक माणूस नाही, एक गाडी नाही. मी दोनदा हॉर्न दाबला.

"आता काय आडवं आलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "रस्त्यात खोट आहे. अर्ज आलाय माझ्याकडे, पण गडबड नाही."